तात्यांचा फोटो जर्सीवर घ्यायचाय: छापावा का, आणि छापला तर कसा?

उपकप्तान
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीची अंडरआर्म स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात असते. चाकरमानी गावी आले की देवळामागच्या मळ्यात दोन दिवस धुरळा. पंच कायम एकच, आमचे तात्या. गेल्या पावसाळ्यात ते गेले. यंदापासून स्पर्धेला त्यांच्या नावाचा स्मृतिचषक ठेवायचा ठरलाय, त्यावर कोणाचंच दुमत नाही. पोरांचं म्हणणं असं की जर्सीवरही तात्यांचा फोटो पाहिजे. चार संघ, साठेक जर्सी.

घोडं अडलंय फोटोवर. तात्या कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे. घरी भिंतीवर एक फोटो आहे, पासपोर्ट फोटोवरून स्टुडिओवाल्याने मोठा करून दिलेला. पण कोकणातली हवा, तो काचेला चिकटून बसलाय. दुसरा व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेला. त्यात तात्या दोन्ही हात आडवे पसरून वाइड देतायत, गळ्यात शिट्टी, डोक्यावर ती मळकी टोपी. चेहऱ्यावर टोपीची सावली. पोरांना हाच फोटो हवाय.

कोणी असं काम केलंय का? छपाई कुठली करावी, फोटो कसा तयार करावा? आणि मुळात हे बरं दिसेल का?

बारावा_गडी
बरं न दिसायला काय झालं? आमच्याकडे तर दहीहंडीच्या पथकाच्या टीशर्टवर गेलेल्या गोविंदाचा फोटो असतो. छापा बिनधास्त.

तिरफळ
मला नाही पटत. फोटो देवघराशेजारी लावतो, हार घालतो, तिन्हीसांजेला उदबत्ती फिरवतो. तोच फोटो घामाने भिजणार, चिखलात लोळणार, मग वॉशिंग मशीनमध्ये चड्ड्या-बनियनबरोबर फिरणार. आणि दोन वर्षांनी त्या जर्सीचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मोटारसायकल पुसायला. तात्यांच्या चेहऱ्याने सायलेन्सर पुसलेला चालेल का तुम्हाला?

बारावा_गडी
@तिरफळ, सायलेन्सर 😂 पण मुद्दा बरोबर आहे राव.

शाईवाला
माझा जर्सी छपाईचा धंदा आहे, सीझनला असले फोटो रोज येतात. त्यामुळे छापावा की नाही ते तुम्ही ठरवा, कसा ते मी सांगतो.

जर्सी पॉलिएस्टरची (डॉट निट वगैरे) असेल तर सब्लिमेशनच करा. डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात, मग हीट प्रेसमध्ये साधारण 200 अंशांवर मिनिटभर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, उलत नाही, धुऊन जात नाही. पण कापड पांढरं लागतं, कारण या पद्धतीत पांढरी शाई नसतेच. फोटोतला पांढरा म्हणजे कोरं कापड. तुमची जर्सी गडद निळी असली तरी ती पांढऱ्या कापडावर निळी छापलेली असते. आधी छपाई, मग कटिंग, मग शिलाई. म्हणून चेहरा शिवणीपासून लांब ठेवायला सांगा, नाहीतर एक कान काखेत जातो. चेष्टा नाही, गेलेला बघितलाय.

कॉटन हवं असेल तर डीटीएफ. फिल्मवर छापून, गोंदाची पावडर लावून चिकटवतात. काळ्या कॉटनवरही फोटो स्वच्छ येतो. पण मोठा फोटो म्हणजे छातीवर प्लास्टिकचा तुकडा. मे महिन्याच्या उन्हात कोकणात? पोरं शिव्या घालतील. कॉटनवर स्क्रीन प्रिंट सगळ्यात टिकाऊ, पण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. एक-दोन रंगांचं डिझाइन असेल तर साठ नगांना परवडेल, रंगीत फोटोला नाही.

आता फोटो. व्हॉट्सॲपवरून फोटो साधा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते, आणि सेव्ह करून पुन्हा पाठवला की तो आणखी दाबला जाण्याची शक्यता असते. ज्याने मूळ फोटो काढला त्याला गाठा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ग्रुप फोटोतून तात्या कापून काढले तर कदाचित 300 पिक्सेल उरतील. छातीवर आठ इंच छापायचं तर कमीत कमी 150 डीपीआय (इंचाला 150 ठिपके), म्हणजे 1200 पिक्सेल तरी हवेत. गणित तुम्हीच करा.

उपकप्तान
@शाईवाला, खूप आभार. फोटो काढणारा सापडला, पण त्याचा तो फोन मागच्या शिमग्याला विहिरीत गेला.

रिकामा_कट्टा
फोन शिमग्याला विहिरीत जातो कसा, यावर वेगळा धागा काढा.

वरणफळं
आजकाल एआय ॲप आहेत की. टाका त्यात, एका मिनिटात एचडी तात्या.

शाईवाला
@वरणफळं, तीच तर डोकेदुखी आहे. लहान, धूसर फोटोत नसलेली माहिती ॲप आणणार कुठून? ते अंदाजाने नवा चेहरा भरतं. गाल गुळगुळीत, दात एका ओळीत, डोळे पाणीदार. अनोळखी माणूस म्हणेल वा. घरचा माणूस बघितल्या बघितल्या म्हणतो, हे आमचे नव्हेत. मागे एक गिऱ्हाईक असा फोटो घेऊन आला, जर्सी छापून झाल्या, आणि त्याची आई म्हणाली की हा तर ह्याचा मावसभाऊ वाटतो. तेव्हापासून माझा नियम आहे: घरातल्या सगळ्यात जवळच्या बाईमाणसाला दाखवल्याशिवाय प्रिंट काढत नाही.

ओरखडे, डाग काढायला ॲप वापरा, हरकत नाही. डोळे, नाक, तोंड यांना हात लावू देऊ नका.

काचेआड
भिंतीवरच्या फोटोबद्दल. मी जुने फोटो दुरुस्त करतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. जिथे चिकटलाय तिथला थर काचेवरच राहतो आणि नेमकं कपाळ किंवा गाल जातो. कोरडा करून, ड्रायरने, फ्रीजमध्ये ठेवून वगैरे यूट्यूबवरचे प्रयोगही नकोत. काचेसकटच फोटो काढायचा.

हार उतरवा. काच बाहेरून किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, कुंकवाचा टिळा सुकून घट्ट बसलेला असतो तो आधी दमट कापूस ठेवून मऊ होऊ द्या. नखाने खरवडू नका. मग फ्रेम खिडकीजवळ भिंतीला टेकवून उभी करा, उजेड एका बाजूने येऊ द्या, घरातले दिवे आणि फ्लॅश बंद. तुमच्या मागे कोणालातरी काळी चादर धरून उभं करा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. अगदी जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे होऊन थोडं झूम करा, मोबाइल फ्रेमला समांतर.

पण त्याआधी एक विचारतो: ज्यावरून हा मोठा केला तो पासपोर्ट फोटो कुठे आहे? रेशनकार्डाच्या, बँक पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये, सोसायटीच्या सभासद वहीत बघा. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा फोटो 1200 डीपीआयवर स्कॅन केला तर रुंदीला साडेसोळाशे पिक्सेल मिळतात. तो फ्रेममधल्या फुगवलेल्या फोटोपेक्षा बरा निघेल. कागदाला जाळीदार पोत असेल (जुने स्टुडिओवाले 'सिल्क' द्यायचे) तर स्कॅनरमध्ये ती जाळी उठते, तेव्हा त्याचाही फोटोच काढा.

तिरफळ
काळी चादर धरून उभं राहायला घरातली माणसं मिळतात का हो? आमच्याकडे आधी तासभर 'हे कशासाठी' चालेल.

कायद्याचं_बोला
छोटी भर. स्टुडिओवाल्याने काढलेल्या फोटोचे हक्क कोणाकडे, असं नंतर कोणीतरी विचारेलच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. मित्राने सहज काढलेल्या फोटोचा मालक मित्र. विहिरीवाल्याला विचारून घ्या, एवढंच.

ह्यूस्टनची_सून
इथे अमेरिकेत हा प्रकार खूप रुळलेला आहे, विशेषतः आफ्रिकन-अमेरिकन लोकांत. न्यू ऑर्लिन्सला मी प्रत्यक्ष बघितलाय. अंत्ययात्रेला बँड असतो, परतताना लोक वाजतगाजत नाचत येतात, त्याला 'सेकंड लाइन' म्हणतात. आणि घरचे, मित्र, गल्लीतले सगळे एकसारख्या टीशर्टवर. छातीवर गेलेल्या माणसाचा हसरा फोटो, मागे ढग किंवा पंख, आणि खाली दोन तारखा. जन्माच्या तारखेला 'सूर्योदय' लिहितात, मृत्यूच्या तारखेला 'सूर्यास्त'. पूर्वी हे एअरब्रशने हाताने रंगवायचे, आता बहुतेक छापील. दुकानदार दोन-तीन दिवसांत, अंत्यविधीच्या आत देतात.

फोटो निवडतात तो औपचारिक नसतो. गॉगल लावलेला, गाडीला टेकलेला, बार्बेक्यू करताना. त्यातली बरीच माणसं तरुण, गोळीबारात गेलेली. पेपरात त्यांची बातमी येते ती पोलिसांनी दिलेल्या फोटोसकट. आमचा पोरगा असा होता, हे घरच्यांनी सांगायची जागा म्हणजे तो टीशर्ट. लोक तो अंत्यविधीनंतर वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला, अगदी किराणा आणायला जातानाही घालतात. त्यामुळे 'पायदळी जाईल' हा विचार तिथे कोणाच्या डोक्यात येत नसावा. आपल्याकडे येतो, आणि तो येणारच.

तिरफळ
@ह्यूस्टनची_सून, हे माहीत नव्हतं. तिथली गोष्ट समजली. पण तिथे तो कपडा शोकाचा आहे, इथे खेळाचा. घालून आडवं पडून झेल घ्यायचाय.

जयभीम_दादर
आपल्याकडेही नाही असं कसं? 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर या. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बाबासाहेबांचे टीशर्ट असतात. चष्मा, कोट, टाय, बस एवढ्या रेषा, चेहऱ्याचा बाकी तपशीलही नसतो, तरी लांबून ओळखू येतात. माझ्याकडे आहेत. घातला की मान ताठ राहते. धुतोही मशीनमध्ये. अनादर कपड्यात नसतो हो.

फक्त फाटला की मी फडकं करत नाही, ठेवून देतो. सायलेन्सरचा मुद्दा तेवढा मान्य.

खडूफळा
@जयभीम_दादर यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी चित्रकला शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

टीशर्टवर जगात सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या चेहऱ्यांत चे गेव्हाराचा नंबर फार वरचा. तो मुळात फोटो आहे, क्युबाच्या आल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 ला हवानात काढलेला. बंदरातल्या जहाजाच्या स्फोटात मेलेल्या लोकांसाठीच्या सभेत. म्हणजे तो क्षणही शोकाचाच. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्याच माणसाचा चेहरा आहे, दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. कोर्दाने दोन्ही कापून टाकलं आणि फक्त चे ठेवला. 1967 मध्ये चे मारला गेला, आणि 1968 मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्या फोटोचं ते लाल-काळं चित्र केलं. केस, दाढी, डोळ्यांखालची सावली एवढंच काळं, बाकी मोकळं. टीशर्टवर पोचला तो फोटो नव्हे, हे चित्र. कोर्दाने त्या फोटोचं मानधन घेतलं नाही. 2000 साली व्होडकाच्या एका जाहिरातीवरून मात्र तो कोर्टात गेला आणि मिळालेले 50 हजार डॉलर क्युबातल्या औषधोपचाराला दिले.

सांगायचा मुद्दा: धूसर फोटोला मोठं करत बसण्यापेक्षा त्यातून रेषा काढा. फोटो काळा-पांढरा करा, किंचित धूसर करा आणि थ्रेशोल्ड लावा (ठरवलेल्या आकड्यापेक्षा गडद ते सगळं काळं, बाकी पांढरं). एकाच आकड्यावर सगळा चेहरा कधीच नीट येत नाही. डोळ्यांना वेगळा, जबड्याला वेगळा लावून तुकडे जोडावे लागतात. मग त्यावर पेनने स्वतः रेषा ओढायच्या. तुमच्या फोटोत टोपीची सावली असल्याने भुवयांपासून नाकापर्यंत सगळं काळं होईल. मग होऊ दे ना काळं! तुम्हाला तात्यांचे डोळे आठवतात की ते पसरलेले हात?

बारावा_गडी
आयला! हात. पाठीवर फक्त ती आकृती, दोन हात आडवे. कुठल्याही अंतरावरून वाइड.

रिकामा_कट्टा
म्हणजे बॅट्समनला पूर्ण मॅचभर समोरच्या बोलरच्या पाठीवर वाइड दिसणार. मानसिक खच्चीकरण.

उपकप्तान
@खडूफळा, @बारावा_गडी, वाचून अंगावर काटा आला. तात्यांचा वाइड प्रसिद्ध होता. हात पसरायचे आणि तसेच ठेवायचे, बोलर वाद घालून थकेपर्यंत. एकदा भर उन्हात भांडण लांबलं तर कोणीतरी त्यांच्या पसरलेल्या हातावर टॉवेल वाळत घातला होता. तरी हलले नाहीत.

पावट्याची_उसळ
टॉवेलसकट काढा!!

खडूफळा
+१ टॉवेल. आकृती काढताना एक पाळा: हात आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा स्पष्ट ठेवा. ती भरली की माणूस जाऊन बुजगावणं होतं. शिट्टीची दोरी आणि टोपीची पुढची कडा पांढऱ्या रेषेने दाखवा, म्हणजे तोंड कुठल्या दिशेला ते कळेल. शर्ट पँटमध्ये खोचलेला होता की बाहेर?

उपकप्तान
बाहेर. आणि पँट दुमडलेली, डावी थोडी जास्त.

खडूफळा
तीच पँट आली पाहिजे. तशीच.

शाईवाला
आता माझं काम सोपं झालं. एका रंगाची आकृती असेल तर तिचं व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांची फाइल) करून घ्या, मग तीन इंच छापा नाहीतर बारा इंच, कडा फाटत नाही. पाठीवर नंबर येणार हे विसरू नका. आकृती वर, खांद्यांच्या रेषेत, हात दोन्ही खांद्यांकडे जाऊ द्या, नंबर खाली. लहान मापाच्या जर्सीत खांद्याची रुंदी कमी असते, तिथे हात शिवणीत जातील. म्हणून डिझाइन सगळ्यात लहान मापावर बसवून बघा.

आणि हात जोडून विनंती, मराठी अक्षरं तपासा. 'स्मृती'चं 'स्म्रुती' झालेल्या जर्सी घालून लोक ट्रॉफी उचलतात. डिझायनरच्या मशीनवर फॉन्ट नीट दिसतो, छापणाऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो, मग रफार एक घर पुढे आणि वेलांटी एक घर मागे. फाइल पाठवताना अक्षरं 'कर्व्ह'मध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत) बदलून पाठवायची, सोबत बरोबर दिसणारा एक स्क्रीनशॉट.

ज्यांना चेहराच छापायचाय त्यांच्यासाठी एवढंच: मोबाइलवर उजळ दिसणारा चेहरा कापडावर काळवंडतो. सावळ्या माणसाचे मधले टोन उचलून घ्या, नाहीतर मिशी, गाल, मान सगळा एक डाग. आणि पैसे गेले तरी चालतील, एक नमुना आधी काढा.

वरणफळं
आणि प्रायोजक? जर्सी फुकट होत नाहीत.

उपकप्तान
त्याच्यावर मीठ नका चोळू. एका 'शुभेच्छुकां'नी अर्धा खर्च देतो म्हटलंय. अट: छातीवर त्यांचा फोटो. हात जोडलेला.

रिकामा_कट्टा
म्हणजे पुढे जिवंत माणसाचा चेहरा हात जोडून आणि मागे गेलेला माणूस हात पसरून.

तिरफळ
मी आतापर्यंत विरोधात होतो, पण आता पोटतिडकीने सांगतो: तात्यांची आकृती छापाच, आणि त्या शुभेच्छुकांचा चेहरा मात्र अजिबात नको. तो सायलेन्सरला वापरला जाईल याची खात्री असली तरी.

कायद्याचं_बोला
वर्गणी काढा. साठ जणांत विभागलं तर किती येतं? एवढ्या रकमेची तर पोरं मॅचनंतर कोंबडी खातात.

शाईवाला
आमच्याकडे साठ नगांना साधी गोल गळ्याची सब्लिमेशन जर्सी तीनशेच्या आसपास पडते. कॉलर, पूर्ण बाही घेतली की वाढतं. तुमच्या भागात विचारून बघा.

ह्यूस्टनची_सून
काकूंना विचारलंत का? आधी तेच करा. इथली दुकानंही घरच्यांनी फोटो नक्की केल्याशिवाय छापत नाहीत.

उपकप्तान
अपडेट. काल काकूंकडे गेलो. चित्रकार मित्राने काढलेलं कच्चं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "टोपी एवढी सरळ कधी होती रे त्यांची?" टोपी तिरकी केली. टॉवेलची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. तो टॉवेल त्यांचाच होता आणि त्या वर्षी तो हरवला म्हणून त्या तात्यांना बोलल्या होत्या!

चेहऱ्याचं विचारलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, चेहरा कपड्यावर नको, चषकाशेजारी टेबलावर ठेवा, हार मी आणते. भिंतीवरचा फोटो काढायला मात्र तयार नाहीत. पासपोर्ट फोटो शोधतोय. @काचेआड, सोसायटीच्या वहीत निघायची शक्यता आहे, सचिव मुंबईला गेलेत, आल्यावर कळेल.

काचेआड
निघाला तर पिन मारलेली असेल. पिन उपसू नका, पाठीमागून पाय सरळ करून सोडवा.

तिरफळ
काकूंचा निर्णय पटला. माझ्याकडून एका जर्सीचे पैसे, आमची वाडी तुमच्या पलीकडच्या खाडीवरच आहे बहुतेक.

उपकप्तान
@तिरफळ, मग या खेळायला. शुभेच्छुकांना 'नाही' असं कळवलंय, त्यांचं नाव मैदानावरच्या बॅनरवर येईल, फोटो तिथेही तात्यांपेक्षा लहान. ते रुसलेत, बघू.

आता मापांचा घोळ. निम्मी पोरं मुंबईत आहेत, सगळ्यांनी 'एल' सांगितलंय आणि त्यातल्या अर्ध्यांना एल होणार नाही. @शाईवाला, मापं सेंटिमीटरमध्ये मागवू की सगळ्यांसाठी एक माप वाढवून सांगू?

शाईवाला
सेंटिमीटर कोणी मोजत नाही. सध्या घालता त्या टीशर्टचा काखेखालून काखेपर्यंतचा भाग टेप लावून फोटो काढून पाठवा म्हणावं. जे पाठवणार नाहीत त्यांना डबल एक्सएल.